गाडीचा सबवूफर वाजेना: वायरिंगमधला दोष शोधणे आणि दुरुस्त करणे

सबवूफर बंद पडला की संशय आधी वूफरवर जातो, मग अ‍ॅम्प्लिफायरवर. प्रत्यक्षात दोष बहुतेक वेळा या दोघांच्या आजूबाजूच्या सांध्यांत असतो. ढिला झालेला स्क्रू, रंगावरच कसलेला अर्थ (गाडीच्या पत्र्याला जोडलेली निगेटिव्ह तार), फ्यूज होल्डरमध्ये काळवंडलेली पट्टी, दाराच्या उंबऱ्याखाली चेपलेली तार. सांधा तसाच ठेवून नवा अ‍ॅम्प बसवला, तर तोही थोड्याच दिवसांत जुन्यासारखा वागायला लागतो. म्हणून आग्रह एकच: मोजल्याशिवाय काहीही बदलू नका, आणि जमेल तिथे आवाज चालू ठेवून मोजा.

लागणारं सामान फार नाही. एक साधा डिजिटल मल्टीमीटर, १० मिमीचा पाना, स्टार आणि चपटा स्क्रू ड्रायव्हर, ॲलन की, वायर सोलायचं आणि लग (तारेच्या टोकाला बसवायची धातूची कडी) दाबायचं हत्यार, सँडपेपर, आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी, दीड व्होल्टचा एक सेल आणि १२ व्होल्ट २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब. शिवाय ५-६ मीटर बारीक वायर घ्या, दोन्ही टोकांना क्लिप लावून. ही वायर पुढे फार उपयोगी पडणार आहे. फोनमध्ये ५० हर्ट्झचा टेस्ट टोनही उतरवून ठेवा, कारण गाण्याचा बास सतत वरखाली होतो आणि मीटरवर आकडा स्थिर राहत नाही.

सुरुवात करण्याआधी

तारा सोडवायच्या असतील तेव्हा आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि जोडताना ते सगळ्यात शेवटी जोडा. उलट केलं तर पॉझिटिव्हवरचा पाना पत्र्याला टेकला की सरळ शॉर्ट होतो. अंगठी, धातूचं कडं, घड्याळ काढून ठेवा. पिवळ्या कनेक्टरच्या तारा एअरबॅगच्या असतात, त्यांना मीटर लावू नका. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबल उच्च दाबाच्या असतात, त्यांच्या जवळपासही जाऊ नका. सिस्टीममध्ये मोठा कपॅसिटर असेल तर बॅटरी सुटल्यावरही त्यात वीज शिल्लक असते. त्याच्या दोन टोकांना इंडिकेटरचा बल्ब जोडा आणि तो पूर्ण विझेपर्यंत थांबा. त्याची टोकं स्क्रू ड्रायव्हरने कधीही टेकवू नका.

सगळं जोडून झाल्यावर शेवटची बॅटरीची तार लावताना एक बारीक ठिणगी उडते. अ‍ॅम्पच्या आतले कपॅसिटर भरत असतात, त्यामुळे ती उडणारच. पण ठिणग्या पुन्हापुन्हा उडत असतील किंवा तार गरम होत असेल, तर लगेच हात काढा.

आता अ‍ॅम्पचा दिवा पाहा. दिवा मुळीच लागत नाही, प्रोटेक्टचा लाल दिवा लागतो, की हिरवा लागूनही आवाज नाही? या तीन वाटा वेगळ्या आहेत आणि पहिल्याच पावलाला योग्य वाट धरली तर अर्धा वेळ वाचतो.

दिवाच लागत नाही

अ‍ॅम्प चालू व्हायला तीन गोष्टी लागतात: पॉझिटिव्ह, अर्थ आणि रिमोटची बारीक तार (स्टिरिओ चालू झाला की अ‍ॅम्पला चालू करणारी). मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळा प्रोब अ‍ॅम्पच्या ग्राउंड (म्हणजे अर्थच्या) स्क्रूवर आणि लाल प्रोब पॉझिटिव्ह स्क्रूवर लावा. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. प्रोब तारेवर नको, स्क्रूवर टेकवा. तारेत वीज आहे पण स्क्रूत पोचत नाही, असं होतं.

आकडा शून्य असेल तर काळा प्रोब अ‍ॅम्पवरून काढून गाडीच्या उघड्या धातूला लावा. आता १२ व्होल्ट दिसले तर पॉझिटिव्ह ठीक आहे आणि अर्थ तुटलेला आहे. तरीही शून्यच असेल तर बॅटरीजवळच्या फ्यूजकडे जा. फ्यूज डोळ्यांनी पाहून निकाल देऊ नका. आतली पट्टी शाबूत दिसते, पण टोकाशी तुटलेली असू शकते. फ्यूजच्या एका बाजूला १२ व्होल्ट आणि दुसऱ्या बाजूला शून्य, म्हणजे फ्यूज गेला. दोन्ही बाजूंना १२ असूनही डिकीत शून्य असेल तर तार मध्येच तुटली आहे किंवा होल्डरच्या पुढच्या स्क्रूतून निसटली आहे. अ‍ॅम्पवरचे स्वतःचे फ्यूजही याच पद्धतीने तपासा.

पॉझिटिव्ह आणि अर्थ ठीक असतील तर रिमोट राहतो. ही तार बहुतेक वेळा निळी, पांढऱ्या पट्ट्याची असते. स्टिरिओ चालू केल्यावर रिमोटच्या स्क्रूवर १२ व्होल्टच्या आसपास आणि बंद केल्यावर शून्य यायला हवं. काही स्टिरिओंमध्ये नुसती निळी तारही असते. ती अँटेनासाठी असते आणि फक्त रेडिओ लावल्यावरच जिवंत होते. रेडिओवर सबवूफर वाजतो आणि ब्लूटूथवर गप्प होतो, असं असेल तर रिमोट चुकून या निळ्या तारेला जोडला आहे, हे जवळजवळ नक्की.

खात्रीसाठी अ‍ॅम्पच्याच पॉझिटिव्ह स्क्रूपासून रिमोटच्या स्क्रूपर्यंत बोटभर वायर क्षणभर टेकवा. ती ग्राउंडच्या स्क्रूला लागणार नाही इतकी काळजी घ्या. अ‍ॅम्प चालू झाला तर दोष रिमोटच्या तारेत किंवा स्टिरिओत आहे. ही वायर तशीच कायम जोडून ठेवण्याचा मोह टाळा. अ‍ॅम्प नुसता चालू राहिला तरी सुमारे १ अँपिअर ओढू शकतो. दिवसाला २४ अँपिअर-तास झाले, म्हणजे ४५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन दिवसांत झोपते.

स्टिरिओच्या रिमोटची ताकद मुळात कमी असते. त्यावर दोन अ‍ॅम्प आणि एखादा पंखा लादला की आतला भाग जळतो. अशा वेळी १२ व्होल्टचा चार पिनांचा रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) घाला. स्टिरिओचा रिमोट ८६ वर, अर्थ ८५ वर, ५ अँपिअरच्या फ्यूजमधून आलेला पॉझिटिव्ह ३० वर, आणि ८७ वरून सगळ्या अ‍ॅम्पच्या रिमोटला. स्टिरिओचा रिमोट आधीच मेला असेल तर चावी फिरवल्यावर जिवंत होणाऱ्या अ‍ॅक्सेसरीच्या तारेवरून १ किंवा २ अँपिअरचा फ्यूज घालून ८६ ला वीज द्या.

प्रोटेक्टचा दिवा

या दिव्याचा अर्थ अ‍ॅम्प बिघडला असा नाही. काहीतरी सहन होत नाही म्हणून त्याने स्वतःला आवरून घेतलं आहे. काय सहन होत नाही ते एकेक गोष्ट काढून शोधायचं.

स्टिरिओ बंद करा. आरसीएच्या (स्टिरिओकडून सिग्नल आणणाऱ्या केबलच्या) पिना आणि स्पीकरच्या तारा अ‍ॅम्पमधून काढा. पॉझिटिव्ह, अर्थ आणि रिमोट एवढंच ठेवून परत चालू करा. लाल दिवा तरीही लागला तर आधी व्होल्टेज मोजा. ते ठीक असेल तर दोष अ‍ॅम्पच्या आत आहे आणि बाहेरच्या वायरिंगवर आणखी वेळ घालवण्यात अर्थ नाही. दिवा हिरवा झाला तर बंद करून फक्त स्पीकरच्या तारा जोडा आणि परत पाहा. मग आरसीए. ज्या तारेबरोबर लाल दिवा परत येतो, ती गुन्हेगार.

ती स्पीकरची निघाली तर अ‍ॅम्पच्या बाजूने सोडवलेल्या दोन्ही टोकांवर ओहम मोजा. त्याआधी मीटरचे दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून जो आकडा येतो, बहुधा ०.२ ते ०.५, तो वजा करायचा. ४ ओहमच्या कॉइलचा (वूफरच्या आतल्या तारेच्या गुंडाळीचा) रोध मीटरवर साधारण ३.२ ते ३.७ दिसतो आणि २ ओहमच्या कॉइलचा १.६ ते १.९. छापील आकड्यापेक्षा थोडा कमी दिसणं हे बरोबरच आहे. शून्याजवळ असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे. तो बहुधा बॉक्सच्या मागच्या टर्मिनलवर सापडतो, तारेचा एखादा केस शेजारच्या स्क्रूला टेकलेला. यानंतर एक प्रोब तारेला आणि दुसरा गाडीच्या पत्र्याला लावा. मीटरने काहीच दाखवायला नको. इथे आकडा आला तर तार कुठेतरी सोलून पत्र्याला लागली आहे. मागच्या सीटच्या बिजागरीपाशी आणि डिकीच्या कडेला हे जास्त होतं.

शॉर्ट कुठेच नाही आणि तरी प्रोटेक्ट येतो, तर ओहमचा हिशोब पाहा. ४+४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या तर २ ओहम होतात, मालिकेत ८. २+२ च्या समांतर १, मालिकेत ४. दोन चॅनलचा अ‍ॅम्प ब्रिज करून (दोन्ही चॅनल मिळून एकच वूफर चालवून) वापरला तर प्रत्येक चॅनलला निम्माच ओहम दिसतो. ब्रिजवर २ ओहम जोडले म्हणजे प्रत्येक चॅनलला १ ओहम. बहुतेक दोन चॅनलचे अ‍ॅम्प ब्रिजवर ४ ओहमच्या खाली चालवायचे नसतात. इथे तारा शाबूत असतात, जोडणीच चुकलेली असते. सुरुवातीला आवाज येतो आणि अ‍ॅम्प तापला की बंद होतो, म्हणून हा दोष लवकर लक्षात येत नाही.

दिवा हिरवा, पण आवाज नाही

आधी सोपं ते पाहा: स्टिरिओच्या सेटिंगमध्ये सबवूफर बंद नाही ना, आणि तिथली पातळी शून्यावर नाही ना. मग आरसीए काढा आणि फोनवरून ३.५ मिमी ते आरसीए केबलने सरळ अ‍ॅम्पला सिग्नल द्या. गेन (अ‍ॅम्पवरची सिग्नल वाढवायची खुंटी) खाली ठेवून सुरुवात करा. आवाज आला तर दोष आरसीए केबलमध्ये किंवा स्टिरिओत. नाही आला तर अ‍ॅम्प, स्पीकरची तार किंवा वूफर.

आरसीएची केबल मोजणं सोपं आहे. दोन्ही टोकं मोकळी करून मधल्या पिनेपासून मधल्या पिनेपर्यंत बीप यावा, बाहेरच्या कड्यापासून कड्यापर्यंत यावा, आणि पीन ते कडं यांच्यात येऊ नये. मोजताना दोन्ही टोकांशी केबल हलवत राहा. वाकून तुटते ती बहुधा प्लगच्या मुळाशी.

वूफरकडे आलात तर बॉक्सच्या टर्मिनलवर ओहम मोजा. काहीच दिसलं नाही तर वूफर बाहेर काढून त्याच्याच टर्मिनलवर मोजा, कारण बॉक्सच्या आतली पिन निसटणं हा अगदी नेहमीचा प्रकार आहे. वूफरवर आकडा बरोबर आला की वूफर वाचला. तिथेही काही आलं नाही तर कॉइल उघडी झाली आहे किंवा टर्मिनलपासून कोनकडे जाणारी विणलेली लवचिक तार तुटली आहे. ती तार तुटली की वूफर कधी वाजतो, कधी नाही. मीटर लावून ठेवून कोन हळूच आत दाबा आणि धरून ठेवा. हलताना आकडा नाचेल, कारण हलती कॉइल स्वतःच थोडी वीज तयार करते. हात स्थिर झाल्यावरचा आकडा खरा. स्थिर असूनही जोड तुटतो असं दिसलं तर ती विणलेली तार बदलावी लागेल, आणि तिच्या जागी साधी वायर चालत नाही, कारण ती थोड्याच वेळात वाकून वाकून तुटते.

कोन दाबताना बोटं मधल्या टोपीभोवती सारखी पसरून ठेवा. आतून खरखर जाणवली आणि जळकट वास आला, तर कॉइल जळून फुगली आहे. वायरिंगने तिचं काही होणार नाही.

जोरात लावला की आवाज बसतो

हा सगळ्यात फसवा दोष. हळू आवाजात सगळं छान असतं, आवाज वाढवला की बास दमतो, अ‍ॅम्प क्षणभर बंद होऊन परत चालू होतो, हेडलाइट मंदावतात. मीटर लावलं तर १२.६ व्होल्ट बरोबर दिसतात. ओहम मोजला तर अर्थही शून्याजवळ दिसतो. इथेच बहुतेकांची तपासणी थांबते आणि नव्या अ‍ॅम्पची खरेदी सुरू होते.

आकड्यांतून पाहू. ५०० वॉटचा क्लास डी अ‍ॅम्प ८० टक्के कार्यक्षम धरला, तर त्याला सुमारे ६२५ वॉट लागतात. १३.८ व्होल्टला ते ४५ अँपिअर होतात. आता अर्थच्या सांध्यात फक्त ०.०५ ओहम रोध आहे असं धरा. साध्या मीटरला तो दिसतच नाही, त्याची स्वतःची चूक याहून मोठी असते. पण ४५ अँपिअर वाहताना त्या सांध्यावर २.२५ व्होल्ट खर्च होतात आणि १०० वॉटच्या आसपास उष्णता तयार होते. प्लॅस्टिकचा होल्डर वितळतो तो यामुळेच. म्हणून जाड तारांचे सांधे ओहमवर तपासण्यात फार अर्थ नाही. त्यांच्यावरची व्होल्टेजची घट मोजायची, तीही करंट वाहत असताना.

पद्धत अशी. इंजिन चालू ठेवा, गाडी मोकळ्या हवेत उभी असू दे. ५० हर्ट्झचा टोन एरवी जेवढा मोठा ऐकता तेवढ्या आवाजात लावा, पण एका वेळी १० ते १५ सेकंदच. सलग टोनमध्ये कॉइलला विसावा मिळत नाही आणि ती लवकर तापते. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा.

पहिलं मोजमाप अर्थचं. ती लांब बारीक वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला लावून डिकीपर्यंत आणा आणि मीटरच्या काळ्या प्रोबला जोडा. तिच्यातून करंट जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे ती बारीक असली तरी चालते. लाल प्रोब अ‍ॅम्पच्या ग्राउंड स्क्रूवर टेकवा. टोन वाजत असताना ०.१ ते ०.२ व्होल्ट आले तर उत्तम. ०.५ च्या वर गेलं तर अर्थमध्ये दोष आहे. आता लाल प्रोब एकेक पाऊल सरकवत न्या: ग्राउंडचा स्क्रू, मग तारेवरचा लग, मग बोल्टचं डोकं, मग शेजारचा उघडा पत्रा. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम पडतो, तिथेच सांधा खराब आहे. पत्र्यावरही घट जास्त असेल तर बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला जाणारी गाडीची स्वतःची जाड तार पाहा.

पॉझिटिव्हचंही तसंच. लांब वायर आता बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबाला, दुसरा प्रोब अ‍ॅम्पच्या पॉझिटिव्ह स्क्रूवर. या लांब वायरची क्लिप पत्र्याला लागू देऊ नका. बॅटरीच्या टोकाशी तिच्यात १ अँपिअरचा फ्यूज घातलेला बरा. इथे ०.५ व्होल्टच्या आत असावं. जास्त असेल तर फ्यूज होल्डरच्या दोन स्क्रूंवर प्रोब ठेवा. होल्डरवर ०.१ पेक्षा जास्त घट दिसली, किंवा हात लावल्यावर तो चांगलाच गरम लागला, तर तो बदलाच. काचेच्या नळीचे जाड फ्यूज या बाबतीत बदनाम आहेत, कारण त्यांच्या टोप्यांचा संपर्क नुसत्या दाबावर असतो. बोल्टने कसायचा एएनएल फ्यूज जास्त भरवशाचा.

सगळे सांधे चांगले आणि तरी घट मोठी, तर तारच अपुरी. गेज म्हणजे जाडीचा आकडा, तो जितका लहान तितकी तार जाड. ८ गेजची तांब्याची ५ मीटर तार ४५ अँपिअरला सुमारे ०.४६ व्होल्ट खाते, ४ गेजची तेवढीच तार सुमारे ०.१८. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार याच्या साधारण दीडपट खाते, म्हणजे ८ गेजला ०.७ व्होल्टच्या आसपास. ओळखायला तारेचा एक केस ब्लेडने खरवडा. आतून चंदेरी निघाला तर अ‍ॅल्युमिनियम, आतून लालसर निघाला तर तांबं. वरून चंदेरी आणि आतून लाल असेल तर ती कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची तार, तिला नावं ठेवू नका. गेजचा छापील आकडाही पारखून घ्या. ४ गेजचा धातूचा भाग २१ चौरस मिमी असतो आणि ८ गेजचा ८.४. जाड प्लॅस्टिकच्या आत बारीक तार घालून मोठा गेज छापलेल्या केबल भरपूर मिळतात.

वाजतो, पण बास अंगाला लागत नाही

व्होल्टेज ठीक, दिवा हिरवा, वूफर हलतोही, पण दणका नाही. अशा वेळी उलटी जोडणी शोधा. दोन वूफरपैकी एकाचे प्लस-मायनस उलट असतील तर एक पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो आणि बास एकमेकांना खाऊन टाकतो. दोन कॉइलच्या एकाच वूफरमध्ये एक कॉइल उलटी लागली तर कोन जेमतेम थरथरतो आणि कॉइल मात्र तापत राहते. मीटरला हा दोष कळत नाही, कारण ओहम दोन्ही जोडण्यांत सारखाच येतो.

यासाठी तो दीड व्होल्टचा सेल. अ‍ॅम्पच्या बाजूने तारा सोडवा. सेलचा प्लस प्लसच्या तारेला आणि मायनस मायनसला क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला तर बरोबर, आत गेला तर उलट. प्रत्येक वूफर आणि प्रत्येक कॉइल वेगळी सोडवून तपासा. ९ व्होल्टचा सेलही लोक वापरतात, पण कोनची दिशा कळायला दीड व्होल्ट पुरतात.

एकच वूफर असेल आणि कॉइल बरोबर असतील, तर अ‍ॅम्पवरचा किंवा स्टिरिओमधला फेज (सिग्नलचे प्लस-मायनस उलटवणारी सेटिंग) उलटून पाहा. ड्रायव्हरच्या सीटवर बसून ज्या बाजूला बास भरून येतो ती ठेवा.

शिट्टी आणि गुणगुण

इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी बहुतेक वेळा अर्थच्या फरकातून किंवा आरसीएच्या बाहेरच्या कड्यातून येते. आरसीए काढल्यावर शिट्टी थांबली तर ती सिग्नलच्या वाटेने येते आहे. स्टिरिओला आरसीए न लावता, त्याच्या मागच्या आरसीएचं कडं आणि त्याचा धातूचा सांगाडा यांच्यात ओहम मोजा. शून्याजवळ यायला हवं. ते उघडं दिसलं तर स्टिरिओच्या आतला बारीक फ्यूज उडाला असण्याची शक्यता मोठी आहे. वीज चालू असताना आरसीए काढण्या-घालण्याने असं होतं, म्हणून आरसीएला हात लावण्याआधी सिस्टीम बंद करा.

सिग्नलची केबल आणि जाड पॉवर केबल गाडीच्या दोन वेगळ्या बाजूंनी न्या. कुठे ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडा. नॉइज फिल्टर हा शेवटचा उपाय, खराब अर्थवर त्याची झूल घालू नका.

कंपनीच्या स्टिरिओच्या स्पीकर तारांवरून सिग्नल घेतला असेल तर एक नियम पक्का ठेवा. त्या दोन तारांपैकी मायनसची तार अर्थला जोडायची नाही. आजच्या स्टिरिओंमध्ये दोन्ही तारांवर वीज असते आणि मायनस बॉडीला लावला तर आतली आयसी जाऊ शकते.

फ्यूज उडत राहतो

कधी उडतो ते महत्त्वाचं. जोडल्याबरोबर, अ‍ॅम्प बंद असतानाच उडाला तर तार पत्र्याला लागली आहे किंवा प्लस-मायनस उलटे आहेत. रिमोट मिळाल्याबरोबर उडाला तर बहुधा अ‍ॅम्पच्या आतले मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) शॉर्ट आहेत. फक्त मोठ्या आवाजात उडत असेल तर ओहम खूप कमी आहे किंवा फ्यूज छोटा आहे.

शॉर्ट शोधताना फ्यूजवर फ्यूज जाळण्याऐवजी फ्यूजच्या जागी २१ वॉटचा बल्ब जोडा. तो पावणेदोन अँपिअरच्या आसपासच करंट जाऊ देतो. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, नसेल तर अ‍ॅम्पचे कपॅसिटर भरेपर्यंत चमकून विझतो. अ‍ॅम्पकडचं टोक सोडवून, पत्र्याला लागणार नाही असं गुंडाळून ठेवा. तरीही बल्ब पेटलेला असेल तर तारच सोललेली आहे. एका जणाने बल्बकडे पाहायचं, दुसऱ्याने तार जागोजागी हलवायची: इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीचं भोक, दाराच्या उंबऱ्याच्या पट्ट्या, सीटचे रूळ. बल्ब लुकलुकला की जागा सापडली.

उडणाऱ्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज घालणं म्हणजे आगीला वाट करून देणं. बॅटरीजवळचा फ्यूज अ‍ॅम्पसाठी नसतो, तारेसाठी असतो. तांब्याच्या ८ गेजला ५० ते ६० अँपिअर आणि ४ गेजला १०० अँपिअर हे सुरक्षित धरा. तो बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत हवा. बॅटरी ते फ्यूज एवढ्या तुकड्याला कोणतंच संरक्षण नसतं, म्हणून तो तुकडा जितका लहान तितका बरा.

सांधा नीट कसा करायचा

अर्थसाठी अ‍ॅम्पपासून अर्ध्या मीटरच्या आत जाड पत्र्याची जागा निवडा. भोक पाडणार असाल तर आधी गाडीखाली वाकून पाहा, कारण तिथे पेट्रोलची टाकी किंवा ब्रेकची नळी असू शकते. सीट बेल्टचा बोल्ट कधीही वापरू नका. त्याचा कस जिवाशी निगडित आहे. बोल्टभोवती सुमारे ३ सेंटीमीटरचं वर्तुळ चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा. रंगाखालचा राखाडी प्रायमरही जायला हवा. लग थेट पत्र्यावर बसवा, वॉशर लगच्या वर. पत्रा आणि लग यांच्यामध्ये काहीही नको. दात्यांचा वॉशर घालून घट्ट कसा आणि मग बाहेरून पेट्रोलियम जेली किंवा रंग लावा, नाहीतर घासलेला पत्रा गंजतो. अर्थची तार पॉझिटिव्हइतकीच जाड हवी. निगेटिव्ह टर्मिनलवर बॅटरीचा सेन्सर असलेल्या गाडीत अ‍ॅम्पचा अर्थ सरळ टर्मिनलला लावू नका, बॉडीलाच लावा. नाहीतर सेन्सरला तो करंट दिसत नाही.

जाड तारेवर लग दाबून बसवावा, पक्कड आणि हातोड्याने चेपलेला लग हलवल्यावर सुटतो. लगच्या नळीच्या खोलीपेक्षा २ मिमी जास्त तार सोला, एकही केस कापू नका, सगळे केस आत गेल्याची खात्री करून दाबा आणि हाताने जोरात ओढून पाहा. जाड तारेला डाग देण्यापेक्षा दाबलेला सांधा चांगला, कारण कथिल तारेत वर चढतं, तिथे तार कडक होते आणि गाडीच्या कंपनाने त्या कडेला तुटते. वरून गोंदाची हीट श्रिंक चढवा. साधी काळी टेप उन्हात चिकट होऊन सरकते.

भिंतीच्या भोकात रबरी ग्रोमेट हवंच, आणि इंजिनच्या बाजूला तारेवर पन्हाळी नळी. तार सायलेन्सर, पेडल आणि स्टिअरिंगच्या दांड्यापासून लांब बांधा.

शेवटी गेन

दोष काढताना गेन बहुधा कुणीतरी वाढवून ठेवलेला असतो. आधी तो खाली आणा, बास बूस्ट शून्य करा. स्पीकरच्या तारा सोडवा. स्टिरिओचा आवाज पाऊणपर्यंत ठेवून पूर्ण पातळीचा ५० हर्ट्झचा टोन लावा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलला लावा. किती व्होल्ट हवेत त्याचा हिशोब: वॉट गुणिले ओहम आणि त्याचं वर्गमूळ. ३०० वॉट आणि ४ ओहमला ३४.६ व्होल्ट, ५०० वॉट आणि २ ओहमला ३१.६. वॉट म्हणजे आरएमएस (सतत मिळणारी ताकद), खोक्यावरचा मोठा आकडा नव्हे, आणि अ‍ॅम्प व वूफर यांतला जो कमी तो धरायचा. तेवढ्या आकड्यापर्यंत गेन हळूहळू वाढवा आणि थांबा. लो पास फिल्टर (फक्त खालचे स्वर जाऊ देणारा) ८० हर्ट्झच्या आसपास ठेवून स्पीकर परत जोडा.

दोन-तीन आठवडे गाडी चालली की अ‍ॅम्पचे आणि फ्यूज होल्डरचे तार धरणारे स्क्रू परत एकदा ॲलन कीने कसा. दाबाखाली बारीक तारा बसत जातात आणि पहिल्या दिवशी घट्ट वाटलेला स्क्रू बहुधा अर्धा फेरा तरी घेतो.